परत मागितलेलं सोनं

डहाणूजवळच्या मसोलीत माझ्या दारावर पाटी लागून बरीच वर्षं झाली, तरी मी नक्की काय करते हे आमच्या निम्म्या आळीला आजही ठाऊक नाही. पाटीवर 'ट्रेडमार्क व डिझाईन नोंदणी' असं ढळढळीत लिहिलेलं आहे. तरी लोक सातबाऱ्यासाठी येतात, गाडीच्या नंबरासाठी येतात. एक बाई तर पोटातल्या बाळाच्या नावाची नोंदणी करायला आल्या होत्या. त्यांच्या जाऊबाईंनाही त्याच सुमारास दिवस गेले होते आणि त्या हेच नाव आधी ठेवून मोकळ्या होतील, अशी त्यांना धास्ती. त्यांची समजूत घालता घालता माझी दुपार गेली. खरं सांगायचं तर कायदा साफ चुकीचा, पण माझ्या धंद्याचं मर्म नेमकं कळलेलं ते पहिलं गिऱ्हाईक होतं.

मुंबईत एका वकिलांच्या कचेरीत मी हेच काम करायचे. नवऱ्याची रेल्वेत डहाणू रोडला बदली झाली, तेव्हा ट्रेडमार्क एजंटची परीक्षा देऊन घराच्या पुढच्या खोलीतच टेबल मांडलं. ओळखीच्यांनी वेड्यात काढलं. इथे कोण येणार तुझ्याकडे? पण या पट्ट्यात घरटी काही ना काही चालू असतं. चिकूच्या चिप्स, फुगे, लोणची, मसाले, फरसाण. अशा घरगुती धंद्यात चोरीला जाण्यासारखं जे असतं ते कुलपात ठेवता येत नाही. ते नावात असतं, चवीत असतं, नक्षीत असतं, आणि ते गेलंय हे मालकाला फार उशिरा कळतं. माझं काम म्हणजे ते वेळेत ओळखायचं आणि त्याला कुंपण घालायचं. काम सगळं वाट पाहण्याचं, आणि मी जन्माची उतावळी. अर्ज केला की रोज सकाळी चहाच्या आधी संगणकावर त्याचं काय झालं ते बघायचं. नवरा म्हणायचा, "अगं, रात्रीतून कोण उठून तुझा अर्ज वाचणार आहे?" कळायचं, पण बसवायचं नाही.

सगळ्याच गोष्टींची नोंदणी करायची नसते, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. चिंचणीच्या एका बाईंचा मासळीचा मसाला होता. त्यांना मसाल्याचं 'पेटंट मारून' हवं होतं. मी सांगितलं, "पेटंट घ्यायचं तर काय काय घातलंय ते सगळं लिहून द्यावं लागतं, आणि ते जगाला वाचता येतं. त्यापेक्षा गप्प बसा. गप्प बसणं हेच तुमचं कुलूप." त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की अर्धा मसाला एका सुनेला शिकवला आणि अर्धा दुसरीला. मग सुनांचं भांडण झालं. त्या काळात बाजारात आलेल्या मसाल्याला कशाचीच चव नव्हती, आणि सासूबाई मला फोन करून विचारत होत्या की यावर कायद्यात काही आहे का.

तलासरीचे दोन भाऊ फरसाणवाले. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, दुकान झालं, घर झालं, राहिलं ते पाकिटावरचं नाव आणि नावाशेजारचा वडिलांचा टोपीतला फोटो. थोरला म्हणाला, मला नाव. धाकटा म्हणाला, मग मला फोटो. दोघं माझ्यासमोर बसून अर्धवट गुजरातीत तासभर वाद घालत होते. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली. शेवटी ती म्हणाली, "बाप वाटून घेतलात. आता मला कुठल्या पाकिटात घालता ते पण बेनला विचारून घ्या." दोघंही वरमले. नाव आणि फोटो दोन्ही आईच्या नावावर केलं, आणि अजून ते तसंच आहे. असं एखादं काम जमलं की मी आठवडाभर खुशीत असते.

पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मनात आलं ते यांतलं काहीच नव्हतं. आलं ते दामूकाकांचं घर. ते प्रकरण मिटून काही काळ लोटला, तरी मला त्याच्याबद्दल स्वस्थपणे बोलता येत नाही.

दामूकाका चिंचणीचे डाय बनवणारे. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्याच्या तोंडावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. मग सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवतो, पत्र्यावर शिसं ठेवतो आणि वरून हातोडा मारतो. पत्रा नक्षीत शिरतो आणि दागिना सुलट उठून येतो. बायकांच्या कानातली कितीतरी फुलं अशी चिंचणीच्या ठोकळ्यांतून उठलेली असतात, पण घालणारीला चिंचणीचं नाव माहीत नसतं. एक डाय कोरायला डोळे जाळावे लागतात. मात्र तयार दागिना हातात आला की त्यावरून दुसरी डाय करणं सोपं, आणि संगणकावरची मशीनं आल्यापासून तर फारच सोपं झालंय.

काकांचा मुलगा तारापूरला कंपनीत. कोरणीला बसली ती सून, वैशाली. त्या आळीत तोवर बाई कधी त्या पाटावर बसली नव्हती. काकांनीच तिला बसवलं. आधी त्यांच्याच नक्षा ती घोटून घ्यायची. मग एका उन्हाळ्यात रस्त्यावर ताडगोळे सोलून घेताना तिने ताडाचं आडवं कापलेलं फळ पाहिलं. आत तीन खळगे, प्रत्येकात एक पाणीदार गर. त्यावरून तिने कानातलं काढलं, तीन डोळ्यांचं, काठाला बारीक रेघा. माझ्या टेबलावर तिने नमुना ठेवला तेव्हा मी तो उचलून माझ्याच कानाला लावून पाहिला. इतकं देखणं काम माझ्याकडे आजवर आलं नव्हतं.

"हे तिच्या नावावर करा," काका म्हणाले. "माझ्या नाही, मुलाच्या नाही. तिच्या."

वैशाली खाली बघत होती. मग सासऱ्यांकडे हात करून म्हणाली, "ताई, अण्णांच्या किती नक्षा लोकांनी उचलल्या. ते म्हणतात जाऊ दे. मी नाही जाऊ देणार."

डिझाईनच्या नोंदणीत एक अट सगळ्यात कडक असते. नक्षी नवी हवी. अर्ज करण्याआधी तुम्ही ती लोकांपुढे मांडली असेल तर कायद्याच्या लेखी ती नवी उरत नाही, मग ती तुमचीच का असेना. म्हणून मी हा प्रश्न खोदून खोदून विचारते. तसा यांनाही विचारला. विकली का? दुकानात टांगली का? मोबाईलवर कुणाला पाठवली का?

"छे," काका म्हणाले. "एका सोनाराच्या नजरेला पडलेली नाही."

वैशालीनेही मान हलवली. दोघांच्याही चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. दिवाळीनंतर मी अर्ज केला. पुढच्या वर्षी प्रमाणपत्र आलं, तेव्हा काकांनी ते चौकट करून देवघराशेजारी लावलं आणि पेढे घेऊन माझ्या घरी आले. प्रमाणपत्रावर वैशालीचं पूर्ण नाव होतं. ती सारखी ते नाव वाचत होती, असं काका हसून सांगत होते.

नोटाबंदीनंतर सोन्याचा बाजार थंड होता. तो जरा हलला तेव्हा डहाणू रोडच्या एका ओळखीच्या सोनाराकडे मी पैंजण सांधायला गेले होते. समोरच्या मखमलीवर तीच तीन डोळ्यांची कानातली.

"वैशालीच्या डायची का?" मी विचारलं.

"ना बेन," तो म्हणाला. "आ तो बधे मळे छे, सगळीकडे मिळते. तलासरीहून येते. स्वस्त पडते."

पैंजण तिथेच टाकून मी घरी आले. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर तलासरीला महामार्गालगतच्या एका गाळ्यात मशीनवर या डाय निघत होत्या आणि गाळा होता नरेशचा. नरेश काकांच्याच हाताखाली शिकलेला. काकांनी त्याला घरच्यासारखा वाढवला होता. लग्न झाल्यावर तो गावी परतला आणि भागीदारीत मशीन घेतलं. आमच्या वकिलांनी त्याला नोटीस धाडली. मला वाटलं होतं तो घाबरून मशीन थांबवेल. त्याच्या भागीदाराने उलट आमची नोंदणीच रद्द करण्याचा अर्ज केला. सोबत एक फोटो होता. पितळेच्या पातळ पत्र्याचं आपट्याचं पान, आणि त्याच्या मधोमध तीन डोळ्यांची नक्षी.

मला काही उमजेना. फोटो घेऊन मी तडक चिंचणी गाठली.

काकांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे, हे आमचं पान! नरेशने जपून ठेवलंय बघ, वैशाली!"

वैशालीच्या मात्र ते एका क्षणात ध्यानात आलं. तिने फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला.

मग मला सगळं कळलं. काकांच्या घरात त्यांच्या आजोबांपासूनची रीत होती. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की वर्षातल्या सगळ्यात चांगल्या डायवर पितळी पत्रा ठोकायचा, तो आपट्याच्या पानासारखा कापायचा आणि आळीतल्या घरोघरी सोनं म्हणून वाटायचा. जुने कारागीर त्या दिवशी पाया पडायला येतात, त्यांनाही द्यायचा. त्या दसऱ्याला काकांनी सुनेची नक्षी वाटली होती. तिच्या पहिल्या डायचं कौतुक आळीला दाखवायचं होतं त्यांना. अर्ज त्यानंतर झाला होता.

"काका, मी विचारलं होतं तुम्हाला," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "कुणाला दाखवलंय का म्हणून!"

"तुम्ही विकणं विचारलंत, टांगणं विचारलंत. सोनं देणं म्हणजे दाखवणं होतं का, ताई? आणि आळी काय परकी आहे?"

कायद्यात एक बारीक फट आहे. विश्वासाने, कुणाला सांगू नका असं बजावून दाखवलं असेल तर ते जाहीर करणं धरत नाहीत. मी तिला धरून बसले. "देताना तुम्ही म्हणालात का, की हे बाहेर दाखवू नका?"

काकांनी चष्मा काढला. "दसऱ्याचं सोनं देताना असं कोणी सांगतं का?"

मला त्यांचा राग आला, कायद्याचा आला, आणि सगळ्यात जास्त नरेशचा. मी तिथूनच वकिलांना फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. ते सहज म्हणाले, "अशी पानं आणखी किती जणांकडे आहेत ते कळलं तर बरं." त्यांना नुसता अंदाज हवा होता. काकांनी त्याचा वेगळाच अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीचा फोन. "ताई, लगेच या. अण्णा पिशवी घेऊन घरोघर गेलेत. पानं परत मागतायत."

रिक्षा मिळेपर्यंत मी नाक्यावर नुसत्या येरझारा घालत होते. पोचले तेव्हा काका कुंदाकाकूंच्या दारात उभे होते. कुंदाकाकू त्यांच्या शेजारच्या, काकांहून वयाने मोठ्या, त्यांना अरेतुरे करणाऱ्या आळीत एकट्याच उरलेल्या.

"दिलेलं सोनं परत मागायला आलास, दामू?" त्या म्हणत होत्या. "काय झालं काय असं? काही चुकलं का आमचं?"

"चुकलं नाही काही. लागतंय, म्हणून."

काकू आत गेल्या. देव्हाऱ्यातलं पान घेऊन आल्या. त्यावर हळदकुंकू चढलेलं होतं. ते त्यांनी पिशवीत टाकलं नाही, काकांच्या हातावर ठेवलं, आणि दार ओढून घेतलं. आळीत भरदिवसा त्यांचं दार लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काका, हे काय चालवलंय?" मी म्हटलं. "अशाने पुरावा लपवल्यासारखं दिसेल. द्या परत सगळ्यांना."

"आता कसं देऊ?" ते म्हणाले. "एकदा परत घेतलं ते. त्या कागदावर तिचं नाव आहे, ताई. माझ्यामुळे गेलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

पिशवी त्यांच्या हातातून मी जवळजवळ हिसकावली आणि वैशालीकडे दिली. वितळवायची नाहीत, असं बजावलं. त्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्या ओटीवर बसलो होतो आणि आळीतून जाणारा एकही माणूस नेहमीसारखा थांबून बोलला नाही.

शेवटी वैशालीच म्हणाली, नरेशला भेटू या. आम्ही तिघं तलासरीला गेलो. नरेशने काकांना पाहताच मशीन बंद केलं, पाया पडला, खुर्ची पुसून दिली, थंडगार ताक मागवलं. त्याला शिव्या द्यायच्या तयारीने मी गेले होते, पण त्याचं ते वागणं नाटकी नव्हतं.

"काका, मी चोरी नाही केली," तो म्हणाला. "तुम्ही तुमच्या हाताने माझ्या हातावर ठेवलंत."

"सोनं म्हणून ठेवलं होतं रे."

नरेशने मान खाली घातली. "भागीदार रोज विचारतो, नवीन काय आहे. माझ्याकडे दाखवायला तेवढंच होतं."

"मला एकदा विचारायचं होतंस," वैशाली म्हणाली.

"विचारलं असतं तर तू दिलं असतंस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला. काकांनी ताक संपवलं. निघताना त्यांनी मशीनवरच्या डायवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रेघा उथळ आल्यात." नरेशने "हो काका" म्हटलं.

लढायचं तर एकच वाट उरली होती. नरेशकडचं पान नंतरच्या दसऱ्याचं आहे, असं सांगायचं. आळीतले दोघंतिघं आपणहून पुढे आले. फोटोवर कुठे तारीख होती? आम्ही शपथेवर सांगतो, म्हणाले. फक्त काकांनाही तसंच लिहून द्यावं लागलं असतं. आणि काका तयार होते. "कुठे सही करू सांगा," एवढंच ते म्हणाले. मी हे होऊ देणार नव्हतेच. खोट्या शपथेवर उभं केलेलं कुंपण मी घालत नाही. पण मला बोलावंच लागलं नाही.

"अण्णांना खोटं बोलता येत नाही," वैशाली म्हणाली. "कालचा चहा गोड झाला होता का विचारलं तरी कानाची पाळी लाल होते त्यांची. राहू दे, ताई. सोडा ते."

तिने नोंदणी सोडून दिल्याचा अर्ज माझ्या टेबलावर बसून केला. सही झाल्यावर ती मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होती. काकांनी भिंतीवरची चौकट उतरवली. तीन डोळ्यांची कानातली पुढे सगळीकडे झाली. लग्नात, बाजारात कुणाच्या कानात दिसली की मला अजून तिथून उठून जावंसं वाटतं.

त्या वर्षी दसऱ्याला काकांनी पानं केली नाहीत.

त्यानंतरच्या पावसाळ्यात वैशाली नवी नक्षी घेऊन आली. कालवाच्या शिंपल्याचा आतला भाग, लाटांसारख्या रेघांचा. पहिलीपेक्षा सरस होती, असं मी तिला मनापासून सांगितलं. या वेळी तिने ती नवऱ्यालासुद्धा अर्ज होईपर्यंत दाखवली नव्हती. पाटावर फडकं टाकून ठेवायची. मी दसऱ्याच्या पुष्कळ आधी अर्ज केला, नंबर हातात घेतला, आणि स्वतः चिंचणीला जाऊन सांगितलं, "आता वाटा. खुशाल वाटा. एकदा अर्ज पडला की अख्ख्या गावाला दाखवलीत तरी कोणी काही करू शकत नाही." हे सांगताना मला फार बरं वाटत होतं. एवढं साधं तर होतं. अर्ज आधी आणि सोनं नंतर, की रीतही राहिली आणि नक्षीही.

दसऱ्याला मी मुद्दाम गेले. वैशालीने रात्रभर बसून पितळी पानं ठोकली होती. काका म्हणाले, या वर्षी तू वाट, मी ओटीवर बसतो. ती नवं लुगडं नेसली होती. हातात ताट, त्यात पानांची चळत. मी तिच्या मागून निघाले.

पहिलं दार कुंदाकाकूंचं. त्यांनी वैशालीला कुंकू लावलं, गालावरून हात फिरवला. ताटात वाकून पाहिलं. "छान कोरलंयस गो," म्हणाल्या. हात मात्र पदराआडून बाहेर काढला नाही.

"घ्या ना, काकू."

"ताटातच राहू दे. उद्या कोणी विचारायला आलं तर मी काय सांगू?"

"कोणी नाही येणार," वैशाली म्हणाली. "ताईंनी सगळं केलंय आधीच. या वेळी कागद झालाय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता.

"कागद झालाय, म्हणूनच गो," त्या म्हणाल्या.

त्यांनी कोनाड्यातलं आपट्याचं साधं पान उचलून वैशालीच्या हातावर ठेवलं, दुसरं माझ्या. वैशालीने वाकून नमस्कार केला आणि ताट सावरून पुढच्या घराकडे निघाली. मी तिथेच थांबले. मी बरोबर नसले तर कदाचित ती माणसं घेतील, असं मला वाटलं. नाक्यापर्यंत एकटी चालत आले. मागे वळून पाहिलं तेव्हा ती तिसऱ्या दारात उभी होती, ताट पुढे धरून, आणि दारातली बाई दोन्ही हात जोडून तिला नको म्हणत होती.